गेणूतात्या हवालदार पळत नाहीत

जुन्नरच्या स्टँडवर गेणूतात्यांनी शिट्टी फुंकली की मागं येणारी एसटी थांबायचीच, पण पुढं गेलेलीसुद्धा थांबायची. एकदा तर नारायणगावच्या चौकात पोचलेला ड्रायव्हर खाली उतरून लोकांना विचारायला लागला, की मला मागून कोणी बोलावलं का. ज्याला हे खोटं वाटत असेल त्याने त्या ड्रायव्हरलाच विचारावं. तो आता गावाकडं असतो आणि त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. कारण मी सांगायला नको.

तात्या माझे शेजारी. बाजारपेठेत माझं फ्लेक्स छापायचं दुकान, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत तात्या आणि त्यांच्या मंडळी जनाकाकू. तात्यांचं मूळ घर पिंपळवंडीच्या शिवारातलं, मेंढरांमागं हिंडलेलं. वडील मेंढरं राखता राखता गेले, तात्या पोलिसात भरती झाले आणि हवालदार म्हणून रिटायर झाले. नोकरीत काय बदललं असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "काय बी न्हाई, भाऊ. काठी तीच. कळप तेवढा बदलला. अन् मेंढरं ऐकायची."

अंगाने माणूस म्हणजे उभं केलेलं ज्वारीचं पोतं. त्यावर मिशी. ती मिशी कुठं संपायची हे नीट कोणालाच माहीत नव्हतं, कारण दोन्ही टोकं एकदम दिसतील इतक्या लांब जाऊन त्यांच्याकडं बघायची कोणाची हिंमत नव्हती.

पंचनाम्याची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नव्हती. कुठलीही गोष्ट दोन पंचांसमोर झाल्याशिवाय ती झाली असं ते मानायचेच नाहीत. जनाकाकूंच्या आमटीत मीठ जास्त झालं की भिंतीपलीकडून हाक यायची, "दोन पंच पाठवा." मग मी आणि समोरचा शिंपी जायचो. एकेक वाटी चाखायचो, गंभीर चेहऱ्यानं माना हलवायचो आणि मीठ जास्त असल्याचं सर्वांसमक्ष ठरायचं. काकू काही कमी नव्हत्या. त्या पंचांना दुसरी वाटी, तिसरी वाटी वाढायच्या आणि फिर्यादीसाठी आमटीच उरायची नाही.

पण तात्या खरे दिसायचे ते सकाळी, मैदानावर. पोलीसभरतीची तयारी करणारी पोरंपोरी तिथं पळायला यायची आणि तात्या दगडावर बसून त्यांना पळवायचे. फी नाही, क्लास नाही, फक्त शिट्टी. एखादी पोरगी दमून थांबली की हा बाबा ओरडायचा, "पळ, बाई, पळ. काय पळायचं ते आत्ताच पळून घे. वर्दी अंगात आली की पळणं बंद." पोरं हसायची. तात्या हसायचे नाहीत. तात्या हे खरोखरच म्हणत होते.

ते का म्हणत होते, ते समजायला पिंपळवंडीचा ऊस बघायला पाहिजे.

तात्या तेव्हा नोकरीत होते. भर दुपारी तिथल्या एका उसात बिबट्या शिरला. आमच्याकडं बिबट्याचं कौतुक राहिलेलं नाही, पण दुपारचा बिबट्या म्हणजे जत्राच. पिंजरा घेऊन वनखात्याची गाडी निघाली होती आणि ती येईपर्यंत गर्दी आवरायला तात्या एकटे. दीड गाव जमलेलं. एक गावचं आणि अर्धं पाहुण्यांचं. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, कोणी दगड भिरकावतोय, कोणी वाघोबाला नावानं हाका मारतोय. तात्या घसा फोडून सांगताहेत की मागं व्हा, कोण ऐकतो. आणि तेवढ्यात ऊस हलला आणि बिबट्या बांधावर आला. मी होतो तिथं, म्हणून सांगतो, बैलाएवढा होता. तात्या मात्र म्हणायचे की मांजरापेक्षा थोडा मोठा व्हता.

लोक पळाले. पळताना चपला सोडल्या, मोटारसायकली चालू सोडल्या, एकानं तर सासरा सोडला. रस्त्यावर शाळा सुटलेली पोरं होती, ती भिंतीला चिकटून उभी राहिली. त्यांच्या आणि बिबट्याच्या मध्ये फक्त तात्या. काठी आडवी धरून, पाय रोवून. बिबट्यानं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी बिबट्याकडं बघितलं. दोघांनाही एकमेकांच्या मिशा आवडल्या असाव्यात. बिबट्या वळला आणि उसात गेला.

नंतर कोणीतरी पाण्याचा तांब्या दिला, तर तात्यांना तो धरता येईना. सगळं पाणी सदऱ्यावर. मी विचारलं, "तात्या, भ्यालात का?"

"भ्यालो की. लई भ्यालो. पायात जीव नव्हता. पण मागं पोरं व्हती. मी पळालो असतो तर त्यो कुणामागं लागला असता?" मग श्वास आवरून ते म्हणाले, "भिणं गुन्ह्यात बसत न्हाई, भाऊ. पळणं बसतं."

अशा माणसाच्या नशिबात सिनेमा आला.

पुण्याहून एक युनिट आलं. सिनेमाचं नाव 'वेताळाला बेड्या'. डोंगरातली पोलीसचौकी, तिच्यावर मुलुखातली सगळी भुतं चाल करून येतात आणि पोलीस त्यांना पकडून आत टाकतात, अशी गोष्ट. फौजदार हिरो, त्याच्या बंदुकीत गोळ्यांऐवजी भस्म. मारामाऱ्या, उड्या, एक गाणं कोठडीत हडळीबरोबर. पोस्टरं छापायचं आणि इथली माणसं जमवून द्यायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं डायरेक्टर दुकानात येऊन बसायचे. बोलता बोलता मी त्यांना तात्यांची मुंजाची गोष्ट सांगितली.

गोष्ट एवढीच, की तळेघरकडं एका घरावर दगड पडायचे आणि सगळे म्हणायचे की पिंपळावरचा मुंजा टाकतोय. तात्या गेले, दोन पंच घेतले आणि पिंपळाखाली उभं राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं झाडाला म्हणाले, "ऱ्हायचं तर ऱ्हा बाबा, गाव तुझंच हाय. पण दगडफेक केलीस तर आत घीन." त्या दिवसापासून दगड बंद. आणि योगायोग बघा, त्या घराच्या भावकीतल्या एका माणसाचा उजवा खांदा पुढं महिनाभर दुखत होता.

डायरेक्टर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, हवालदाराच्या कामाला मला हाच माणूस पाहिजे.

तात्या लाजले. मी मिशी लाजलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. जनाकाकूंनी ओतूरपासून मंचरपर्यंत सगळ्या नात्यागोत्याला फोन केले. मैदानावरच्या पोरांनी वर्गणी काढून माझ्याकडून फ्लेक्स छापून घेतला, 'आमचे तात्या आता मोठ्या पडद्यावर'. मी फोटोतली मिशी दोन्हीकडं वीतभर वाढवून दिली.

मग एक दिवस दुकानात डायरेक्टरांनी तात्यांचं काम वाचून दाखवलं. अर्थात दोन पंचांसमोर, मी आणि शिंपी. विहिरीतून हडळ वर येते. बाया किंचाळून पळतात. मग वेताळ येतो, आणि त्याला बघून हवालदार "आई गं" म्हणून पळत सुटतो. खाचरातून पळतो, बांधावरून पळतो, झुडपाला अडकून पँट मागं राहते तरी पळतो. डायरेक्टर म्हणाले की सगळ्या सिनेमात सगळ्यात मोठं हसू इथंच आहे.

तात्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"हवालदाराला भिववा," ते म्हणाले. "दातखीळ बसवा. बोबडी वळवा. चड्डी ओली करायची म्हणला तरी बाटलीतलं पाणी मी माझ्या हातानं वतून घीन. पण पळवू नका."

"तात्या, कॉमेडी आहे ही. हवालदार पळाला की लोक हसतात. वर्षानुवर्षं हसतायत."

"मग बास झालं की."

डायरेक्टर हसले, पण त्यांना ते आवडलं नव्हतं. म्हणाले, तुम्हाला जमत नसेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. बाहेर तो फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता. मला वाटलं तात्या आता नमतील. काकूंनी मंचरच्या व्याह्यांना सांगितलंय म्हटल्यावर माणूस नमतोच.

"बघा की," तात्या म्हणाले. "माझी ना न्हाई. पण मी वर्दीत पळणार न्हाई. खोट्या वर्दीत बी न्हाई. मैदानावरची समदी पोरं हा सिनेमा बघाया येणार हायती, साहेब. त्यांना काय दाखवू? पाठ?"

डायरेक्टर म्हणाले, बरं, शूटिंगच्या वेळी बघू. "बघू" म्हणताना ते ज्या तऱ्हेनं हसले, तसं आमच्याकडं म्हैस विकणारा हसतो.

शूटिंग तळेघरला. तिकडं एसटी क्वचित, त्यामुळं अर्धा कॅमेरा जीपमधून आणि अर्धा लोकांच्या डोक्यावरून चढला. भाताची खाचरं, वर नाचणी, त्याच्यावर ढग, आणि खाली धुराचं मशीन. ढगांना त्या मशीनची इतकी लाज वाटली की ते दुपारपर्यंत खाली आलेच नाहीत. गावातल्या बाया पळायच्या कामाला घेतल्या होत्या. जनाकाकूही त्यांच्यात होत्या, हातात कापडी पिशवी.

कॅमेरा सुरू झाला. विहिरीतून शिडीवरून हडळ वर आली. पांढरं पातळ, केस मोकळे, डोळ्यांभोवती काजळाचा डांबरी रस्ता. आता बायांनी किंचाळून पळायचं. एकही बाई हलली नाही. उलट काकू पुढं झाल्या, पिशवीतून हिरवा खण काढला, नारळ काढला, बांगड्या काढल्या. हडळीला हळदीकुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. मागं बाकीच्या बायांची रांग लागली. हडळ पुण्याची पोरगी. पदर पसरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून काजळ ओघळायला लागलं. म्हणाली की आईची आठवण आली.

डायरेक्टर कट कट म्हणत धावत आले. विनवून म्हणाले, काकू, पळायचं होतं ना.

काकूंना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या माहितीत पाण्यातून वर येते ती आसरा. तिच्या विहिरीवर दिवसभर एवढा गोंधळ घालायचा आणि तिला काही द्यायचं नाही हे त्यांना कधीच पटलं नव्हतं, म्हणून तर त्या घरून पिशवी भरून आल्या होत्या. "पाण्यातल्या बाईला पाठ कशी दावायची, साहेब? ती काय चोर हाय?"

हिरड्याच्या झाडाखाली खाकी घालून बसलेले तात्या तिथूनच म्हणाले, "बघा. बाया बी पळत न्हाईत. अन् तुमी हवालदाराला पळवताय."

अख्खं युनिट हसलं. डायरेक्टर हसले नाहीत. त्यांनी डाव रचला.

जेवणानंतर ते तात्यांना गोड आवाजात म्हणाले की आता फक्त बांधावरून चालत या, बाकी काही नाही. तात्या निघाले. मोठ्या दगडामागं तारेला टांगलेला वेताळ तयार होता. मुंबईचा मारामारीवाला गडी, डोक्यावर शिंगं, डोळ्यांच्या जागी लाल बल्ब, तोंडातून धूर. तात्या दगडाशी आले आणि वेताळ डरकाळी फोडत वरून त्यांच्या अंगावर आला.

कॅमेरा लपवलेला होता, तरी कॅमेरामन तो चालूच सोडून पळाला. लाईटवाले पळाले. खालच्या खाचरातले बैल पळाले ते म्हणे घोडेगावला सापडले. मी पळालो नाही, कारण मी आधीपासूनच बराच लांब उभा होतो.

तात्यांची टोपी उडाली. गुडघे एकमेकांवर आपटायला लागले. दात इतके वाजत होते की मला लांबून ऐकू आले. आणि त्या वाजणाऱ्या दातांनिशी त्यांनी हात वर केला आणि वेताळाचा घोटा धरला.

"नाव?"

वेताळ उलटा लोंबकळत म्हणाला, "सोडा ना तात्या, शूटिंग आहे."

"पूर्ण नाव. बापाचं नाव घालून. ऱ्हाणार कुठं?"

वेताळानं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. राहणार मुंबई, पण गाव निघालं आंबेगावातलं, आणि मामाचं नाव निघालं तर तात्यांच्या ओळखीचं. मामा निघाल्यावर मात्र तात्यांनी घोटा सोडला, मटकन बांधावर बसले आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "दोन पंच इकडं या. अन् पाणी आणा."

टाळ्यांनी डोंगर दणाणला. डायरेक्टरांनी तात्यांना मिठी मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हाच शॉट सिनेमात राहील. तात्यांनी विश्वास ठेवला. शब्द दिल्यावर तो पाळतात, अशी त्यांची समजूत होती. आयुष्यभर चोरांशी गाठ पडलेली, त्यामुळं भल्या माणसांचा अनुभव कमी.

पुढं कानावर आलं की युनिट परत जाताना घोडेगावला थांबलं होतं आणि तिथल्या एका भेळवाल्याला खाकी चढवून पाठमोरा पळवला होता. अंगानं तो हुबेहूब तात्या. तात्या मला मोटारसायकलवर बसवून थेट त्याच्या गाडीवर गेले. मला वाटलं आता भेळेचा चिखल होणार. तात्या शांतपणे बाकड्यावर बसले, भेळ मागवली, दोन घास खाल्ले आणि म्हणाले की तू माझी पाठ झालास म्हणं.

भेळवाल्याच्या हातातली चिंचेची बरणी सुटली. "मला म्हणलं, पाठमोरा पळायचंय, त्वांड दिसणार न्हाई. कुणाची पाठ ते मी इचारलंच न्हाई, तात्या."

"लांब पळवलं का रं?"

"लई. दोनदा पडलो."

तात्यांनी त्याला बाकड्यावर सरकून जागा करून दिली, अर्धी भेळ त्याच्या पुढ्यात लोटली आणि गुडघ्याला काय लावायचं ते सांगितलं.

डायरेक्टरांना मात्र त्यांनी फोन लावला. तिकडून उत्तर आलं की तात्या, सिनेमा आहे, तुमचा चेहरा कुठं दिसतोय त्यात. "वर्दी दिसतीय की," तात्या म्हणाले. आता काही बदलता येणार नाही, एवढं सांगून फोन बंद झाला.

पहिला खेळ आमच्या भागातल्या लोकांसाठी होता. जुन्नरच्या एका मंगल कार्यालयात, दुपारी, खिडक्यांना ताडपत्री लावून, समोर कापडी पडदा. आदल्या दिवशी आळीतले सगळे तात्यांच्या खोलीत जमले. येऊ नका म्हणाले. ताप आलाय म्हणून सांगू, पिंपळवंडीला गेलात म्हणून सांगू. काकूसुद्धा म्हणाल्या की ऱ्हाऊ द्या, लोक त्वांडावर हसतील.

तात्या मिशीला तेल लावत होते. "म्हंजी आता खरंच पळू व्हय?"

दुसऱ्या दिवशी तात्या इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या आधी येऊन बसले. मैदानावरची पोरंपोरी पुढं सतरंजीवर. सिनेमा लागला. हडळीची ओटी भरताना बायांनी अंधारात हात जोडले. मग बांध आला, दगड आला, वेताळ आला, आणि तात्यांनी "पूर्ण नाव" म्हणताच शिट्ट्यांनी ताडपत्री फाटायची राहिली. पोरांनी सतरंजी डोक्यावर घेतली. डायरेक्टरांनी शब्द मोडला नव्हता. शब्दाला शेपूट जोडलं होतं. कारण पडद्यावर वेताळानं पुन्हा एकदा डरकाळी फोडली, "आई गं" असा कोणाचातरी आवाज आला आणि खाकी पाठ पळत सुटली.

लोक हसले. मीही हसलो, तोंडाला सवयच आहे. पुढची पोरं हसली नाहीत. त्यांनी वळून मागं बघितलं, तात्यांच्या खुर्चीकडं.

तात्या उठले. खुर्च्यांच्या मधून, कोणाच्या पायावर पाय पडू न देता, पुढं गेले. मला वाटलं पडदा ओढून काढणार. त्यांनी पडद्याला हात लावला नाही. त्याच्यापुढं गेले, वळले आणि लोकांकडं तोंड करून उभे राहिले. पाय फाकवून, हात पाठीमागं. मागून आरडाओरडा झाला. कोणी म्हणालं, ओ तात्या, खाली बसा. कोणी म्हणालं, ऑपरेटर, बंद कर.

"बंद करू नका," तात्या म्हणाले. मैदानावरचाच आवाज, बिनशिट्टीचा. "पळू दे त्याला. मी हाय हितं."

ऑपरेटरनं मशीन चालू ठेवलं. सिनेमातला हवालदार तात्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून पळत होता, एका खिशापासून दुसऱ्या खिशापर्यंत, बोटाएवढा. प्रकाशानं तात्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि गुडघे थोडे थरथरत होते हे पहिल्या रांगेतून नीट दिसत होतं. त्यांच्यामागं पडद्यावर त्यांची सावली पडली होती, वेताळाहून उंच, मिशीसकट. खाचरं सरकली, बांध सरकले, डोंगर सरकले. ती काही हलली नाही.